आपल्याच वाचनालयाच्या विकिपीडिया लेखातली दोन वाक्यं मी पुसली, आता काय करू?

वाचनखोली (गिरगाव), शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार. लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. आता एका दमात लिहून टाकते.

गिरगावातल्या शंभरी ओलांडलेल्या एका वाचनालयाची मी मानद कार्यवाह आहे. मानधन नाही, जाण्यायेण्याचा खर्चही ज्याचा त्याचा. सहा-सात वर्षांपासून मराठी विकिपीडियावर लिहिते. जुन्या वाड्या, विहिरी, छापखाने हे माझे विषय. आमच्या वाचनालयाचा लेखही मीच सुरू केला. तेव्हा मी नुसती सभासद होते, त्यामुळे यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी. पुनर्विकासाला गेली तेव्हा पुस्तकं भाड्याच्या एका गाळ्यात हलवली. एका पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं आणि खालच्या फळ्यांवरची जुनी मासिकं भिजली, काही दुर्मिळ पुस्तकंही. एका मराठी दैनिकाने बातमी छापली. सभासदांनी कार्यकारिणीवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला, असं त्यात होतं. गेल्या महिन्यात कुणीतरी ही हकिकत दोन वाक्यांत आमच्या लेखात घातली आणि खाली बातमीचा दुवा दिला.

कार्यकारिणीच्या सभेत विषय निघाला. "तू लिहितेस ना तिथे? मग काढून टाक की." सांगणारे वयाने आणि मानाने मोठे. देणगीदार नाव शोधतात तेव्हा आधी हेच वाचतात, हे त्यांचं म्हणणं. मी घरी आले, लॉगिन केलं, दोन्ही वाक्यं पुसली आणि संपादन सारांशाच्या चौकटीत, जिथे काय बदललं ते सांगायचं असतं, लिहिलं, "शुद्धलेखन".

तो एक शब्द डोक्यातून जात नाही. वाक्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका सदस्याने वाक्यं परत आणली आणि माझ्या चर्चा पानावर अगदी सभ्यपणे विचारलं, "आपला या संस्थेशी काही संबंध आहे का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हो म्हटलं तर माझ्या बाकीच्या सगळ्या लेखांवर संशय येईल का? आणि ज्या संस्थेबद्दल मला सगळ्यात जास्त माहीत आहे, तिच्याबद्दल मी यापुढे कधी लिहायचंच नाही का?

---

मुलुंड पूर्व, रविवार, सकाळी ७:२५

ताई, त्या सदस्याला उत्तर आजच द्या. दोन-तीन ओळी पुरतील. "हो, मी या वाचनालयाची मानद कार्यवाह आहे. ती वाक्यं मी काढायला नको होती, आणि सारांशात शुद्धलेखन लिहायला तर मुळीच नको होतं. यापुढे सुचवायचं ते लेखाच्या चर्चा पानावर सुचवेन." बस्स. सभेत कोण काय म्हणालं ते लिहू नका, ते तुमच्या घरातलं आहे.

संशयाचं म्हणाल तर पानाचा इतिहास सगळ्यांना उघडा असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. लपवलेला संबंध कधी ना कधी कुणीतरी उकरून काढतं. सांगितलेल्या संबंधात उकरायला काही उरत नाही. मी १२ वर्षं लिहितोय. ज्यांनी आपण होऊन सांगितलं त्यांना लोकांनी सांभाळून घेतल्याचं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हा मोह मोठमोठ्यांना आवरलेला नाही. २००५ मध्ये खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स स्वतःवरच्या लेखात बदल करताना सापडले. लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख ते काढत होते. इतिहास पाहून लोकांनी ते दाखवून दिलं, बातम्या झाल्या आणि वेल्स यांनी चूक मान्य केली. मग २००७ साली व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने विकिस्कॅनर नावाचं साधन बनवलं. लॉगिन न करता केलेले बदल कोणत्या कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेस) झाले ते त्यात दिसायचं. आपल्याला कोण बघतंय अशा भरवशावर कार्यालयात बसून बदल करणाऱ्यांची त्या वर्षी बरीच पंचाईत झाली.

आता हितसंघर्षाबद्दल, म्हणजे ज्याच्याशी आपला संबंध आहे त्याबद्दलच लिहिण्याबद्दल. हा शब्द ऐकला की माणसाला आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटतं. न्यायाधीश कितीही सचोटीचा असला तरी सख्ख्या भावाचा खटला स्वतःपुढे घेत नाही. त्यात त्याच्या सचोटीचा अपमान नसतो. तुमचं तेच आहे. वाचनालय तुमचं, म्हणून त्याच्या लेखावर शेवटचा हात दुसऱ्याचा असू द्या.

पैशाचा संबंध असेल तर नियम जास्त कडक आहे. जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींतच लिहिलं आहे की मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने काम देणारा कोण, ग्राहक कोण आणि आपलं नातं काय हे जाहीर करायलाच हवं. सदस्य पानावर, लेखाच्या चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात, यांपैकी एका जागी तरी. तुम्ही मानद, त्यामुळे ही अट तुम्हाला लागत नाही. पण उद्या तुमच्या पगारी ग्रंथपालांना "लेख तेवढा सांभाळ" असं कामाचा भाग म्हणून सांगितलं, तर त्यांना लागते.

---

प्रभादेवीकर, रविवार, सकाळी ११:४०

काकांचं म्हणणं इंग्रजीसाठी ठीक आहे. तिथे हजारो माणसं रोज लिहितात. मराठीत नेमाने लिहिणारे किती? एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाबद्दल, कीर्तनकाराबद्दल, बंद पडलेल्या नाटक कंपनीबद्दल कोण लिहिणार? ज्याला त्याबद्दल जिव्हाळा आहे तोच. आणि जिव्हाळा असलेला माणूस कुठे ना कुठे नात्यातला, शिष्य किंवा सभासद असतोच. जिव्हाळ्याची माणसं बाजूला काढलीत तर पान कोरं राहील.

माझंच सांगतो. माझे आजोबा गिरणी कामगार होते, आणि शाहीर. १९८२ च्या संपात गेट मीटिंगांना त्यांचा डफ असायचा. त्यांच्या हातची वही आमच्याकडे आहे, चाळीस-एक गाणी आहेत तीत. जांभळ्या शाईत लिहिलेली, काही पानांवर गेटचं नाव आणि तारीखसुद्धा. मी त्यांच्यावर लेख लिहून धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, ठेवला. एका जाणत्याने वाचून सांगितलं, "चांगलं आहे, पण संदर्भ नाहीत, आणि तुम्ही नातू आहात. टिकणार नाही." त्यांच्याबद्दल छापील काहीच नाही, कारण छापणाऱ्यांनी त्या वेळी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग नातवानेही गप्प बसायचं?

आमच्या प्रभादेवीत विश्वकोशाचं कार्यालय आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. विषयातल्या जाणकाराला बोलावून लिहून घेतात, तो त्या क्षेत्रातला आहे म्हणून त्याला वगळत नाहीत.

---

मुलुंड पूर्व, रविवार, दुपारी ३:०५

तुमच्या आजोबांबद्दल वाचून मी जरा थांबलो. माझे वडीलही गिरणीत होते, स्पिनिंगला. त्यामुळे नुसता नियम सांगून मोकळा होणार नाही.

विश्वकोशाचा मुद्दा नेमका आहे. तिथे खाली नाव असतं, वर संपादक मंडळ असतं. वाचणाऱ्याला कळतं की हे अमक्याने लिहिलं आणि तमक्याने तपासलं. विकिपीडियाच्या लेखाखाली कुणाचीच सही नसते. वाचणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी, संदर्भ आणि इतिहास. म्हणून तिथे जाणकार असणं पुरत नाही, जे सांगतोय ते कुठे छापलंय हेही दाखवावं लागतं.

अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांची गोष्ट सांगतो. २०१२ साली त्यांच्या एका कादंबरीच्या लेखात नायक कुणावरून सुचला याबद्दल चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी दुरुस्ती सुचवली. उत्तर आलं की लेखकाचा शब्द मान्य, पण दुय्यम संदर्भ, म्हणजे दुसरीकडे छापलेला, हवा. मग त्यांनी 'न्यूयॉर्कर'च्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं आणि ते पत्र लेखात संदर्भ म्हणून आलं. पुष्कळांना हा अडेलतट्टूपणा वाटला. खुद्द लेखकालाच पुरावा मागता? पण विचार करा, उद्या एखादा मंत्री किंवा बिल्डर म्हणेल, "माझ्याबद्दल मलाच जास्त माहीत, मी सांगतो ते घाला." रॉथना एक दार उघडलं की तेच दार त्यांनाही उघडतं.

तुमच्या वहीचं काय? गाण्यांचे हक्क वारसांकडे आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. म्हणजे सगळ्या वारसांच्या संमतीने वहीची पानं स्कॅन करून तुम्ही मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशी, विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या मुक्त संग्रहावर चढवू शकता. हे नातवानेच करायचं काम आहे, दुसरं कुणी करू शकत नाही. दुसरं, गिरणगावावर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला वही दाखवा. त्याने त्यावर लेख लिहिला, तो नियतकालिकात छापून आला, की तो तुमचा स्वतंत्र संदर्भ. वाट लांबची आहे, मान्य. पण आजोबांचं नाव त्यामुळे दोन जागी होईल, आणि दुसरी जागा कुणी पुसू शकणार नाही.

---

आरती साडेसातची (लालबाग), रविवार, दुपारी ४:१५

मधेच विचारतो. आमच्या मंडळाच्या लेखात स्थापनेचं साल दोन वर्षांनी चुकलंय. मी कार्यकर्ता आहे. एवढं तरी बदलू की नको?

---

मुलुंड पूर्व, रविवार, दुपारी ४:३०

साल हा मुंबईतल्या मंडळांचा नाजूक विषय! गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला १८९३ चा उत्सव मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. पण त्यानंतर कोण कितवं यावर अजून वाद झडतात, आणि दोन वर्षांचा फरक म्हणजे कुणाच्या तरी आधीचा नंबर. त्यामुळे थेट बदलू नका. चर्चा पानावर लिहा, जुनी वर्गणीची पावती नको, छापील बातमी किंवा पुस्तकाचं पान द्या.

थेट करायला हरकत नाही अशा गोष्टी कमी आहेत. ऱ्हस्वदीर्घ, मोडलेला दुवा, कुणी घातलेल्या शिव्या. हयात माणसाबद्दल संदर्भाशिवाय बदनामीकारक मजकूर असेल तर तो काढायला कुणाचीच वाट पाहू नये, अगदी त्या माणसानेही.

---

डिलाइल रोड, रविवार, रात्री ९:५०

मी या धंद्याच्या दुसऱ्या बाजूला बसते, म्हणून लिहिते. लोअर परळच्या एका जनसंपर्क एजन्सीत आठ वर्षं आहे.

ग्राहक पहिल्याच बैठकीत विचारतो, "विकी पेज मिळेल ना?" जणू होर्डिंगची जागाच आहे. कित्येक जण पॅकेजमध्ये ते विकतात. आधी दहा ठिकाणी प्रायोजित मजकूर छापून आणायचा, बातमीसारखा दिसणारा, आणि मग त्याचेच दुवे लेखाखाली संदर्भ म्हणून लावायचे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला होता, तेव्हापासून हा रोग सगळ्यांना माहीत आहे. म्हणून "बातमीचा दुवा आहे" एवढ्यावर थांबू नका. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते पाहा, बातमीला बातमीदाराचं नाव आहे का ते पाहा, तोच परिच्छेद शब्दशः आणखी तीन संकेतस्थळांवर आहे का ते शोधा.

लपूनछपून करणाऱ्यांचं पुढे काय होतं तेही सांगते. विकी-पीआर नावाची अमेरिकन कंपनी शेकडो खोट्या खात्यांवरून ग्राहकांचे लेख लिहायची. २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने तिच्यावर बंदी घातली. २०१५ मध्ये तर ३८१ खाती एकदम बंद झाली, ऑरेंजमूडी प्रकरण म्हणतात त्याला. त्यातली पद्धत वाचून मला घाम फुटला. लहान व्यावसायिकांचे नाकारलेले मसुदे ही टोळी शोधायची, "आम्ही लेख लावून देतो" म्हणून पैसे घ्यायची, आणि लेख लागला की तो "सांभाळण्यासाठी" पुन्हा पैसे मागायची. तुमच्यापैकी कुणाला "आम्ही विकिपीडियाचे संपादक, तुमचं पान धोक्यात आहे" अशी मेल आली तर एक रुपयाही देऊ नका. संपादनाचे पैसे विकिपीडिया कुणाकडूनच घेत नाही.

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. एका व्यवस्थापन शिक्षण संस्थेच्या लेखातली टीका वर्षानुवर्षं दाबली जात होती, आणि दाबणारं खातं चक्क इंग्रजी विकिपीडियाच्या प्रचालकाचं (ॲडमिनचं) होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. पण तोवर किती मुलांनी तो लेख वाचून लाखोंची फी भरली असेल, याचा हिशोब कोण देणार? मला या सगळ्यात टोचतं ते हेच. पलीकडे वाचणारा कुणीतरी खरोखरच्या पैशांनी, खरोखरच्या वर्षांनी निर्णय घेत असतो.

माझा स्वतःचा अनुभव. एका विकासकाच्या लेखातला खटल्याचा परिच्छेद काढा, असं मला सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं. त्याऐवजी सदस्य पानावर ग्राहकाचं नाव जाहीर केलं आणि चर्चा पानावर लिहिलं की या खटल्यात नंतर तडजोड झाली आहे, न्यायालयाच्या आदेशाची ही बातमी, ही तारीख, परिच्छेदाच्या शेवटी हे वाक्य जोडावं. पाच आठवडे काही नाही. ग्राहक रोज फोन करायचा. मग एका अनोळखी संपादकाने ते वाक्य जोडलं. खटला राहिला, तडजोडही आली. ग्राहक खूश नव्हता. पण त्यानंतर त्या परिच्छेदाला कुणी हात लावलेला नाही.

---

चिराबाजार, सोमवार, सकाळी ८:४५

वाचनालय कुठलं ते माझ्या लक्षात आलं. ती वाक्यं कोणी घातली तेही मला माहीत आहे. गेल्या निवडणुकीत कार्यकारिणीवर पडलेला माणूस आहे. नाव लिहू का? म्हणजे तटस्थपणाचा आव कोण आणतंय ते तरी कळेल सगळ्यांना.

---

मुलुंड पूर्व, सोमवार, सकाळी ९:१०

नका लिहू. कळकळीने सांगतो, इथेही नको आणि तिथे तर नकोच. टोपणनावाने लिहिणाऱ्याची खरी ओळख उघड करणं हा विकिपीडियावर मोठा अपराध आहे, त्यासाठी खातं बंद होतं. शिवाय तुमचा अंदाज चुकला तर एका भलत्याच माणसाला गल्लीत मान खाली घालून चालावं लागेल.

पण मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. हितसंबंध प्रेमाचा असतो तसा रागाचाही असतो. पडलेला उमेदवार, काढून टाकलेला नोकर, शेजारची प्रतिस्पर्धी संस्था, यांनीही त्या लेखापासून हात लांब ठेवायला हवा. मात्र ते सिद्ध करण्याच्या मागे लागू नका. वाक्य तपासा. बातमी स्वतंत्र आहे का? बातमीत आहे तेवढंच लेखात आलंय का? आणि प्रमाण काय? शंभर वर्षांच्या संस्थेचा लेख बारा वाक्यांचा आणि त्यात भिजलेल्या पुस्तकांची चार वाक्यं असतील, तर तोल गेला म्हणायचा. दोन असतील तर बाकीच्या शंभर वर्षांबद्दल संदर्भासह आणखी लिहिलं जायला हवं. नकोसं वाक्य पुसण्यापेक्षा शेजारी खरी वाक्यं वाढवली की तोल आपोआप येतो. फक्त ती वाढवायची तुम्ही नाही ताई, सुचवायची.

---

वाचनखोली (गिरगाव), मंगळवार, रात्री १०:३०

उत्तर दिलं. काकांनी लिहून दिलं तसंच, फक्त "माफ करा" माझं. तासाभरात समोरून आलं, "धन्यवाद, स्पष्ट सांगितलंत हे बरं झालं." एवढंच. मी चार दिवस कसली भीती बाळगून होते कोण जाणे.

सदस्य पानावरही ओळ टाकली आहे की या वाचनालयाशी माझा कार्यवाह म्हणून संबंध आहे.

अध्यक्षांना आज भेटले. आधी रागावले. मग मी त्यांना पानाचा इतिहास मोबाइलवर उघडून दाखवला, माझं नाव, वेळ रात्री ११:५२, आणि पुढे कंसात "शुद्धलेखन". ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे कायमचं राहणार?" मी म्हटलं, "हो." चष्मा काढून पुसला त्यांनी. मग म्हणाले, "पुस्तकं भिजली हे खरं आहे. पण वाळवली कुणी, तेही येऊ दे की."

आणि ते खरंच सांगण्यासारखं आहे. त्या पावसाळ्यात आम्ही पंधरा-सोळा जण महिनाभर रोज संध्याकाळी त्या गाळ्यात होतो. उन्हात घालायची नाहीत, पानं वाकतात, हे एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी शिकवलं. पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडायचं, दर दहा-पंधरा पानांनी टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. पंखे रात्रंदिवस चालू. आर्ट पेपरवर छापलेली चित्रं वाळताना एकमेकांना चिकटली की संपलं, म्हणून ती पानं आधी हाताने सुटी करायची. बरीच वाचली. सगळी नाही. एका मासिकाचे १९२० च्या दशकातले अंक गेले, त्यांचा लगदा झाला होता.

पण हे छापलेलं आहे फक्त आमच्याच वार्षिक अहवालात. तो चालेल का?

---

मुलुंड पूर्व, बुधवार, सकाळी ७:००

संस्थेचा स्वतःचा अहवाल साध्या वस्तुस्थितीपुरता चालतो, बढाई नसेल तर. "अहवालानुसार इतके खंड वाचवण्यात आले" असं, अहवालाचं नाव घेऊन. "अथक परिश्रमांनी", "अमूल्य ठेवा" असले शब्द नकोत. आणि किती गेले तोही आकडा द्या, तो त्याच अहवालात असेल.

सुचवणी अशी लिहा की वाचणाऱ्याला शोधत बसावं लागू नये. कोणत्या वाक्यानंतर, नेमके कोणते शब्द, अहवालाचं वर्ष, पान क्रमांक, आणि शेवटी तुमचा संबंध. "लेख एकांगी आहे, कृपया सुधारा" असं लिहिलेल्या विनंत्या पडून राहतात, कारण कुणी काय करायचं तेच त्यात नसतं. आणि मराठीत चर्चा पानांवर लक्ष ठेवणारे कमी, म्हणून चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, एक ओळ टाका की इथे विनंती केली आहे.

प्रभादेवीकर, तुमचं मराठीबद्दलचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवतोय. अर्धं तुमचं बरोबर आहे. जिव्हाळ्याच्या माणसाला आपण चर्चा पानावर पाठवतो आणि तिथे कुणी फिरकतच नाही, तर ते त्याला बाहेर काढल्यासारखंच आहे. माझ्यासारख्या जुन्यांचा दोष आहे हा. नवे लेख लिहायची हौस असते, दुसऱ्याची विनंती तपासायचा कंटाळा. आजपासून दर रविवारी सकाळी दोन तास फक्त अशा विनंत्यांना देणार. आणखी कुणी येत असेल तर सांगा.

---

डिलाइल रोड, बुधवार, सकाळी ९:३५

मी येते. जिथे माझा कुठलाही ग्राहक नाही अशाच लेखांवर.

---

आरती साडेसातची (लालबाग), बुधवार, दुपारी १:२०

सालाचं टाकलं चर्चा पानावर. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुना अंक शोधला. आमचं साल बरोबर निघालं नाही, लेखातलंही नाही. मधलंच एक निघालं! तेच सुचवलं. मंडळात आता मला कुणी नीट चहा पाजत नाहीये, पण छापलंय ते छापलंय.

---

वाचनखोली (गिरगाव), पुढचा सोमवार, रात्री ८:४०

सुचवणी लागली. नाशिकच्या एका सदस्याने रविवारी तपासली. मी लिहिलं होतं, "बहुसंख्य मौल्यवान ग्रंथ वाचवण्यात यश आले." त्यांनी "मौल्यवान" काढलं, "यश आले" काढलं, आणि अहवालातले दोन्ही आकडे घातले, वाचलेले आणि गेलेले. बातमीतलं ठपक्याचं वाक्य जसंच्या तसं. वाचताना "मौल्यवान" गेल्याचं जरा लागलं. मग परत वाचलं. आकडे पाहिल्यावर त्या शब्दाची गरज वाटली नाही.

अध्यक्षांनी सभेत तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, जुन्या इमारतीचे फोटो आपल्याकडे आहेत, ते देता येतील का. फोटो कोणी काढले, हक्क कोणाचे, हे शोधायला त्यांनाच बसवलं आहे.

प्रभादेवीकर, आमच्याकडे आता स्कॅनर आहे, भिजलेल्या मासिकांनंतर घेतला. पानं न दाबता वरून टिपतो, जांभळी शाई चांगली येते. गिरणगावावर काम करणाऱ्या एक बाई बुधवारी आमच्या वाचनखोलीत असतात, त्यांना वहीबद्दल सांगितलं आहे. संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. वही प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळून आणा.

---

प्रभादेवीकर, सोमवार, रात्री ९:१५

आईला विचारलं. म्हणाली, तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळते. परवा येतो, सहाला.